ध्रुवीय ढगांतील हिमनिर्मिती व पृष्ठभाग

ध्रुव प्रदेशावरील ढगातले पाणी गोठते की नाही, हे केवळ तिथल्या थंडीवर ठरत नाही. ढगाखाली उघडा समुद्र आहे, सागरी बर्फ आहे की मोकळी जमीन, आणि तिथली हवा ढगापर्यंत पोहोचते का, यावरही ते अवलंबून असते. ढगातील शुद्ध पाण्याचे सूक्ष्म थेंब तापमान सुमारे उणे ३८° से.पर्यंत उतरले तरी द्रवरूप राहू शकतात. त्याआधी ते गोठायचे, तर ज्यावर बर्फाच्या स्फटिकाची घडण सुरू होईल असा हिमकेंद्रक कण लागतो. खनिज धूळ हे काम साधारणपणे उणे १५° से.च्या खाली नीट करते. त्याहून उबदार (अर्थात ध्रुवाच्या हिशेबाने उबदार) ढगात बहुधा जीवाणू किंवा सागरी सूक्ष्मजीवांचे अवशेष असे जैविक कणच उपयोगी पडतात. आर्क्टिकमधील उन्हाळ्यातले कमी उंचीचे ढग बहुतांशी याच उबदार पट्ट्यात मोडतात.

समुद्रावर बुडबुडे फुटतात तेव्हा पाण्यावरच्या पातळ थरातील सेंद्रिय द्रव्य तुषारांबरोबर हवेत उडते. सागरी बर्फ या साऱ्यावर झाकण घालतो. त्यामुळे आर्क्टिकमध्ये हे कण हिवाळ्यात विरळ असतात आणि उन्हाळ्यात वाढतात. जमिनीचा वाटाही कमी नाही. आर्क्टिकमधील नॉर्वेच्या स्वालबार बेटांवर हिमनद्यांच्या वितळपाण्याने आणून टाकलेल्या गाळाची धूळ अपेक्षेपेक्षा बरीच प्रभावी ठरली, आणि त्याचे श्रेय खनिजापेक्षा तीत मिसळलेल्या थोड्याशा सेंद्रिय द्रव्याला दिले जाते. याच द्वीपसमूहातील नी-ऑलेसुंड येथे भारताचे ‘हिमाद्री’ हे केंद्र २००८ पासून असून त्याचे काम गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते.

असे कण ओळखण्याची रीत साधी आहे. गाळणीवर धरलेले कण पाण्यात धुऊन त्या पाण्याचे थेंब एका थाळीत मांडतात आणि थाळी हळूहळू थंड करतात. पारदर्शक थेंब एकेक करून अपारदर्शक होत जातात, ते मोजायचे. तेच पाणी आधी उकळीच्या जवळपास तापवले आणि मग थेंब उशिरा गोठू लागले, तर मूळ कण जैविक होते असे समजतात.

मात्र कण पृष्ठभागावर असून भागत नाही. ध्रुव प्रदेशात तापमानाची विपरीतता नित्याची असते. खाली थंड व वर उबदार अशा स्थिर थरामुळे ढग पृष्ठभागापासून तुटतो. २०१७ च्या उन्हाळ्यात ‘पोलारस्टर्न’ या जर्मन संशोधन नौकेवरून लायडार (लेसर प्रकाशाने ढगांचा वेध घेणारे उपकरण) व रडारने घेतलेल्या निरीक्षणांत, उणे १५° से.हून उबदार ढगांपैकी पृष्ठभागाशी जोडलेल्या ढगांत बर्फ अधिक वेळा आढळला. तुटलेले ढग तितक्याच थंडीत अनेकदा निव्वळ पाण्याचे राहिले.

बर्फावरील संपृक्त बाष्पदाब (हवा बाष्पाने पूर्ण भरली असतानाचा बाष्पाचा दाब) पाण्यावरील दाबापेक्षा कमी असल्याने थेंबांतील पाणी बाष्प होऊन स्फटिकांवर जमते; स्फटिक असे थेंबांच्या जिवावर वाढतात, जड होऊन खाली पडतात आणि ढग विरळ होतो. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरावर हिमकेंद्रक कण फार थोडे असल्याने ढगांत अतिशीत पाणी (शून्याखालीही न गोठलेले पाणी) टिकते व ऊन परावर्तित होते. हवामानाचे गणित संगणकावर मांडणाऱ्या अनेक प्रारूपांत मात्र हे ढग लवकर गोठत, आणि त्यामुळे समुद्राला प्रत्यक्षापेक्षा जास्त ऊन मिळत असल्याचे त्यांत दिसे.