ट्वीटर आत की बाहेर?

जुन्या हाय-फाय स्पीकरची जाळी काढली की बऱ्याच खोक्यांत एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. खर्जाचा मोठा स्पीकर म्हणजे वूफर ऐसपैस बसलेला असतो, पण बारीक, उंच सूर वाजवणारा छोटा ट्वीटर मधोमध नसून एका बाजूला सरकलेला असतो. हे फक्त दिसण्यासाठी केलंय, किंवा उरलेल्या जागेत ट्वीटर ढकललाय, असा अनेकांचा समज असतो. काही खोक्यांपुरता तो खराही असेल. पण या सरकण्यामागे भक्कम भौतिकशास्त्र आहे, आणि जोडीतला डावा-उजवा चुकला तर गाणाऱ्याचा आवाज मध्यभागी एका जागी स्थिर राहत नाही.

ट्वीटरचा ध्वनी थेट आपल्याकडे येतो, तसाच खोक्याच्या दर्शनी फळीवरून बाजूंनाही पसरतो. फळी जिथे संपते ती कड स्वतःच एक दुय्यम ध्वनिस्रोत बनते. हेच विवर्तन. कडेवरून आलेला ध्वनी थोडा उशिरा आणि उलट्या कलेत (फेजमध्ये) पोहोचतो, म्हणजे मूळ लाटेच्या चढाच्या जागी त्याचा उतार असतो. त्याचं मागे पडलेलं अंतर एका तरंगलांबीइतकं असेल तर तो मूळ ध्वनीला दाबतो, अर्ध्या तरंगलांबीइतकं असेल तर त्यात भर घालतो. ट्वीटर मधोमध असला की दोन्ही कडा सारख्याच अंतरावर येतात आणि त्यांचा परिणाम एकाच वारंवारतेवर साचतो. बाजूला सरकवला की तो विभागला जातो. आरसीए या अमेरिकी कंपनीच्या हॅरी ओल्सन यांनी १९५१ साली वेगवेगळ्या आकारांची खोकी मोजली, तेव्हा चेंडूसारख्या गोल खोक्याचा प्रतिसाद (वेगवेगळ्या वारंवारतांवरची आवाजाची पातळी) सर्वांत गुळगुळीत निघाला, कारण त्याला कडाच नाहीत. बीबीसीच्या एलएस३/५ए या छोट्या स्पीकरमध्ये ट्वीटर मध्यरेषेवरच आहे, म्हणून त्याच्याभोवती फेल्टच्या पट्ट्या लावून कडेकडे जाणारा ध्वनी शोषला जातो.

आता डाव्या-उजव्याचा हिशेब. समजा खोका ३६ सेंमी रुंद आहे. ट्वीटर एका कडेपासून १० आणि दुसरीपासून २६ सेंमी अंतरावर आहे. दोन्ही खोकी सरळ समोर तोंड करून ठेवली आहेत आणि श्रोता प्रत्येकाच्या अक्षापासून ३० अंश आतल्या, म्हणजे दुसऱ्या स्पीकरकडच्या, बाजूला बसला आहे. ३० अंशांचा साइन अर्धा असतो. त्यामुळे आतल्या कडेवरून येणारा ध्वनी ट्वीटर ते कड या अंतराच्या निम्म्याने मागे पडतो, बाहेरच्या कडेवरून येणारा दीडपटीने.

ट्वीटर आतल्या बाजूला असेल तर ही मागे पडण्याची अंतरं ५ आणि ३९ सेंमी येतात. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर पहिले खळगे, म्हणजे जिथे आवाज दबतो त्या जागा, साधारण ६,९०० आणि ८८० हर्ट्झवर पडतात; ८८० हर्ट्झ तर बहुतेक ट्वीटरच्या पल्ल्याबाहेरच. ट्वीटर बाहेरच्या बाजूला असेल तर तीच अंतरं १३ आणि १५ सेंमी होतात! खळगे २,६४० आणि २,२९० हर्ट्झवर, म्हणजे जवळजवळ एकमेकांवर. बाजूला सरकवून जे टाळलं होतं तेच परत आलं. (पुढे पटींतही खळगे येतात, त्यांचा हिशेब इथे सोडला आहे.)

दोन्ही खोकी हुबेहूब एकसारखी असतील तर एकाचा ट्वीटर आत येतो, दुसऱ्याचा बाहेर. मग २,४०० हर्ट्झच्या आसपास एक स्पीकर दबतो, ६,९०० च्या आसपास दुसरा. दोन्हीकडून सारखी पातळी आली तरच कान तो आवाज मधोमध ऐकतो. त्यामुळे गायिकेचे स्वर मध्येच राहतात, पण 'स' आणि 'श' एका बाजूला कलतात.

इंग्रज अभियंते ॲलन ब्लमलाइन यांनी स्टिरिओच्या पेटंटसाठी १९३१ मध्येच अर्ज केला होता, पण स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या १९५७-५८ मध्ये. तोवर बहुतेक घरांत एकच स्पीकर असायचा, डावा-उजवा हा प्रश्नच नव्हता. पुढे आरसाप्रतिमा जोड्या आल्या, म्हणजे एका खोक्यात ट्वीटर डावीकडे, तर दुसऱ्यात उजवीकडे. १९७८ च्या यामाहा एनएस-१०एम या स्पीकरच्या जोडीत ट्वीटर असेच आहेत. एकसारखी खोकी फिरवून अशी जोडी करता येत नाही. डाव्या पायाची चप्पल फिरवून उजवी होत नाही, तसंच हे. खोका उलटा केला तर ट्वीटर दुसऱ्या बाजूला जातो खरा, पण वूफरच्या खाली जातो.

वूफर कुठल्या बाजूला आहे याची चिंता नको. १०० हर्ट्झची तरंगलांबी जवळपास साडेतीन मीटर, तिला फळीवरचे दहा-बारा सेंमी जाणवतही नाहीत. मिडरेंज (मधले सूर वाजवणारा स्पीकर) आणि ट्वीटर शेजारी-शेजारी असतील तर मात्र क्रॉसओव्हरपाशी, म्हणजे एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं त्या वारंवारतेपाशी, दोघांच्या ध्वनीत आडव्या दिशेने व्यतिकरण होतं (लाटा कुठे एकमेकींत भर घालतात, कुठे एकमेकींना दाबतात), आणि जुन्या साध्या क्रॉसओव्हरमधल्या ९० अंशांच्या कलाफरकामुळे तो झोत एका बाजूला झुकतो.

महागड्या स्पीकर-वायरींवर बाण छापून 'ध्वनीचा मंच खुलतो' असं सांगतात, त्यात काही तथ्य नाही. १,००० हर्ट्झच्या सुराला वायरीतला प्रवाह सेकंदाला २,००० वेळा दिशा बदलतो. त्याला बाण कोणता दाखवणार? तेच पैसे वाचवा आणि एखादं मोनो (दोन्ही स्पीकरांतून सारखंच वाजणारं) गाणं लावून खोक्यांची अदलाबदल करून ऐका. ज्या मांडणीत आवाज अरुंद आणि मधोमध येईल ती ठेवा. जोडी एकसारख्या खोक्यांची असेल तर दोन्हींची तोंडं थेट आपल्याकडे वळवा. मग कोन शून्य होतो, आणि ट्वीटर आत असो वा बाहेर, दोन्हीकडे अंतरं तीच येतात: १० आणि २६ सेंमी.