रचनाकाराचे आत्मनिवेदन (समकालीन पाश्चात्त्य अभिजात संगीत)

पाश्चात्त्य अभिजात परंपरेत नवे संगीत लिहिणाऱ्या रचनाकारांनी आपल्या रचना, त्यांमागची पद्धत आणि आजच्या काळातले त्या संगीताचे स्थान यांविषयी स्वतः केलेले लेखन व भाषण. कार्यक्रमपत्रिकेतील टिपण, मैफलीपूर्वीचा संवाद, मुलाखत, विद्यापीठातील व्याख्यान, जाहीरनामा, तंत्रविषयक ग्रंथ आणि आत्मचरित्र ही त्याची नेहमीची रूपे होत. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा निवेदनाचे प्रस्थ फार वाढले. आज नवी रचना श्रोत्यांपुढे येते ती बहुतेकदा रचनाकाराच्या शब्दांचा हात धरूनच.

रचनाकारांनी लिहिणे ही तशी जुनी गोष्ट. रॉबर्ट शूमानने १८३४ मध्ये लाइपझिगला संगीतविषयक नियतकालिक काढले, बेर्लिओझने वर्षानुवर्षे वृत्तपत्रीय समीक्षेवर संसार चालवला आणि वाग्नरच्या गद्यलेखनाचे तर खंडच्या खंड आहेत. मात्र त्या काळी स्वतःच्या रचनेचा उलगडा करून देणे ही रचनाकाराची गरज नव्हती. स्वरमेळाचे व्याकरण रचनाकार आणि श्रोता या दोघांच्याही कानात बसलेले होते. सूर मूळ पट्टीपासून किती दूर गेला आणि केव्हा परतला, हे श्रोत्याला कुणी सांगावे लागत नसे. गुस्टाव माहलरने आपल्या सुरुवातीच्या सिंफनींना कथावजा टिपणे जोडली होती, पण १९०० च्या सुमारास त्याने ती काढून घेतली. श्रोते संगीत ऐकायचे सोडून टिपणातली गोष्ट शोधत बसतात, असा त्याचा अनुभव होता.

हे सामाईक व्याकरण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सैल झाले. व्हिएन्नाच्या आर्नोल्ड शोनबर्ग या रचनाकाराने १९०८ च्या सुमारास मूळ पट्टीचा आधार सोडला आणि १९२० नंतरच्या वर्षांत बारा स्वरांच्या ठरावीक क्रममालेवर आधारलेली पद्धत आणली. ऐकणाऱ्यांचा गोंधळ उडणार हे त्याला ठाऊक होते. त्यावर त्याने शोधलेला उपाय आजही विचार करण्याजोगा आहे. १९१८ मध्ये व्हिएन्नात त्याने खासगी मैफलींसाठी एक संस्था स्थापन केली. तिथे नव्या रचनांची कसून तालीम होई आणि एकच रचना पुन्हा पुन्हा वाजवली जाई. टाळ्यांना व नापसंतीच्या आवाजांना बंदी होती, वृत्तपत्रीय समीक्षकांना बोलावणे नसे आणि त्या दिवशी काय वाजणार हेही आधी जाहीर होत नसे. अनोळखी संगीत समजावे यासाठी ते पुन्हा ऐकवावे, एवढाच त्यामागचा विचार. संस्था १९२१ पर्यंत टिकली. चलनवाढीपुढे तिचे काही चालले नाही.

पुढच्या काळात या पुन्हा ऐकण्याची जागा शब्दांनी घेतली. वाद्यवृंदाच्या तालमीचा प्रत्येक तास खर्चिक असतो. नवी रचना मोजक्या तालमींत बसवली जाते, एकदा वाजते आणि पुष्कळदा पुन्हा वाजतच नाही. पहिल्या प्रयोगासाठी निधी मिळतो, प्रसिद्धीही मिळते. दुसऱ्या प्रयोगाला दोन्हींचा दुष्काळ. जे ऐकून ऐकून उमगले असते ते मग छापील परिच्छेदातून सांगण्याची वेळ येते.

युद्धोत्तर वादविवाद

जर्मनीतील डार्मश्टाट येथे १९४६ मध्ये सुरू झालेले उन्हाळी अभ्यासवर्ग हे या बोलक्या काळाचे केंद्र ठरले. तेथे संगीताइतकीच त्याविषयीची भूमिका तपासली जाई. फ्रेंच रचनाकार पिएर बुलेझने शोनबर्गच्या मृत्यूनंतर वर्ष उलटण्याच्या सुमारास, १९५२ मध्ये, त्याच्यावर एक जहाल लेख लिहिला. स्वरांची क्रममाला शोधणाऱ्याने ताल आणि रचनाबंध मात्र जुनेच ठेवले, हा त्यातला आरोप. १९५५ पासून निघालेल्या ‘दी राइहे’ या नियतकालिकात रचनाकार एकमेकांच्या रचनांची चिरफाड करू लागले. ग्योर्गी लिगेतीने १९५८ मध्ये तिथेच बुलेझच्या दोन पियानोंसाठीच्या रचनेचे विश्लेषण प्रसिद्ध केले. यंत्रासारखा काटेकोर क्रम आणि निव्वळ योगायोग हे ऐकताना किती जवळ येऊन ठेपतात, हे त्यातून दिसले. असल्या लेखांतली आकडेमोड आज वाचवत नाही. तरीही, कानाला न जाणवणारी शिस्त कुणासाठी असते, हा त्यांनी उभा केलेला प्रश्न अजून मिटलेला नाही.

अमेरिकन रचनाकार मिल्टन बॅबिटने त्याला सर्वांत रोखठोक उत्तर दिले. प्रगत गणित किंवा भौतिकी सामान्य माणसाला समजत नाही म्हणून कुणी तक्रार करत नाही, मग प्रगत संगीताकडूनच ती अपेक्षा का, असे त्याने १९५८ मध्ये अमेरिकेतील ‘हाय फिडेलिटी’ मासिकात विचारले. रचनाकाराने सार्वजनिक मैफलींचा नाद सोडावा आणि विद्यापीठात संशोधकासारखे काम करावे, असा त्याचा प्रस्ताव होता. बॅबिटने लेखाला दिलेला मथळा रचनाकाराला तज्ज्ञ म्हणणारा, अगदी साधा होता. मासिकाने तो परस्पर बदलला आणि ‘तुम्ही ऐकता की नाही, याची फिकीर कुणाला?’ अशा अर्थाचा छापला. बॅबिट २०११ मध्ये वारला, पण तोवर आणि त्यानंतरही, त्याचे संगीत एकदाही न ऐकलेल्यांना तो या न लिहिलेल्या वाक्यामुळे माहीत आहे. लेखातला युक्तिवाद पटो न पटो, त्यात एक प्रामाणिकपणा आहे: श्रोत्याची खुशामत त्यात कुठेच नाही.

१९५८ मध्येच अमेरिकन रचनाकार जॉन केज डार्मश्टाटला गेला. चार मिनिटे तेहेतीस सेकंद वादकाने काहीच न वाजवण्याची त्याची रचना १९५२ मध्येच सादर झाली होती. केजची व्याख्याने इतरांहून निराळी असत. विराम, पुनरावृत्ती, ठरवून दिलेला कालावधी अशी त्यांची बांधणी संगीतासारखीच असे. एका व्याख्यानात तर प्रश्नांची सरबत्ती तेवढी होती. १९६१ मध्ये ती पुस्तकरूपात आली आणि केजच्या कित्येक वाद्यरचनांपेक्षा त्या पुस्तकाचा प्रभाव अधिक पडला. संगीताबद्दलचे बोलणे आणि संगीत यांतली सीमारेषाच त्याने पुसट केली.

याविरुद्ध दिशेने अमेरिकन रचनाकार स्टीव्ह राइश आला. १९६८ च्या एका छोट्या निबंधात त्याने म्हटले, की रचनेत चाललेली प्रक्रिया ऐकणाऱ्याला सरळ ऐकू आली पाहिजे; कानाआड दडवलेल्या रचनातत्त्वात त्याला रस नाही. त्याआधी, १९६५ मध्ये, एकाच ध्वनिफितीच्या दोन प्रती किंचित वेगळ्या गतीने चालवल्या की काय घडते, हे त्याने करून पाहिले होते. हा निबंध आत्मनिवेदनाचा उत्तम नमुना मानावा लागेल: तो वाचून ऐकायला बसले तर लक्ष कुठे द्यायचे ते कळते, आणि न वाचताही काही अडत नाही.

मत बदलणाऱ्यांची निवेदने अधिक बोलकी असतात. अमेरिकन रचनाकार जॉर्ज रॉचबर्ग क्रममालेच्या पद्धतीत मुरलेला होता. १९६४ मध्ये त्याचा तरुण मुलगा वारला. त्या दुःखाला या भाषेत जागा नाही असे त्याला वाटू लागले आणि १९७२ च्या तिसऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये (चार तंतुवाद्यांच्या रचनेत) तो बेथोव्हेन व माहलर यांच्या वळणाच्या स्वरमेळाकडे उघडपणे परतला. सहकाऱ्यांनी त्याला फितूर ठरवले. त्याने उत्तरादाखल लिहिलेले निबंध आजही त्या संगीताच्या बरोबरीने वाचले जातात.

शब्द कुणाचे?

आत्मनिवेदन म्हणून छापलेले सगळेच रचनाकाराचे असते असे नाही. इगॉर स्ट्राव्हिन्स्कीने १९३९–४० मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेली व्याख्याने घडवण्यात रोलां-मान्युएल आणि पिएर सुव्हचिन्स्की यांचा मोठा हात होता. १९५९ पासून त्याचा सहायक रॉबर्ट क्राफ्ट याच्याबरोबरच्या संवादांची जी पुस्तके निघाली, त्यांत स्ट्राव्हिन्स्की कुठे संपतो आणि क्राफ्ट कुठे सुरू होतो, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. संगीत मुळात काहीच व्यक्त करू शकत नाही, हे १९३० च्या दशकातील आत्मचरित्रातले त्याचे गाजलेले विधानही त्याने पुढे बरेच सौम्य केले.

सोव्हिएत संघात हा प्रश्न जिवावर बेतणारा होता. दिमित्री शोस्ताकोविचच्या ऑपेरावर १९३६ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या ‘प्रावदा’ या वृत्तपत्राने झोड उठवली. पुढच्या वर्षीच्या पाचव्या सिंफनीला ‘रास्त टीकेला सोव्हिएत कलावंताचे उत्तर’ असे जे बिरूद चिकटले, ते मुळात एका पत्रकाराचे. शोस्ताकोविचने ते नाकारले नाही, इतकेच. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या शांतता परिषदेत त्याच्या नावाने तयार भाषण वाचले गेले, आणि स्ट्राव्हिन्स्कीवरील सरकारी टीकेशी आपण सहमत आहोत, असे त्याला भर सभेत सांगावे लागले. त्याच्या मृत्यूनंतर, १९७९ मध्ये, सोलोमन व्होल्कोव्हने त्याच्या म्हणून प्रसिद्ध केलेल्या आठवणींच्या अस्सलपणाबद्दलचा वाद अजून चालू आहे. अशा वेळी बोलण्यावरून संगीताचा अर्थ लावणे धोक्याचेच.

नाव बदलले की ऐकणेही बदलते. क्शिश्टॉफ पेंडेरेत्स्कीच्या १९६० मधील बावन्न तंतुवाद्यांच्या रचनेचे आधीचे नाव केवळ तिचा कालावधी सांगणारे होते: ८ मिनिटे ३७ सेकंद. नंतर ती हिरोशिमाच्या बळींना अर्पण झाली. तेव्हापासून तिच्यातले कर्कश स्वरपुंज कुणालाही निव्वळ ध्वनीचे प्रयोग म्हणून ऐकू येत नाहीत. स्वरलिपी तीच होती. या एका उदाहरणात कार्यक्रमपत्रिकेच्या टिपणाची ताकद आणि त्यातली गफलत दोन्ही सापडतात.

टिपण हा प्रकारच मुळात अवघड. रचना पुरी व्हायच्या आत आयोजक ते मागतात. रचनाकार मग प्रकाश, पाणी, स्मृती, शांतता अशा शब्दांचा आसरा घेतो आणि शंभर रचनांची टिपणे एकसारखी वाटू लागतात. ज्यांना बांधणी समजावण्याचा सोस असतो ते दुसऱ्या टोकाला जातात. कोणती वाद्ये, किती वेळ, कुठे कान द्यावा, एवढे सांगणारे टिपण दुर्मीळ.

आजचे स्थान

फिलिप ग्लासचा ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ हा ऑपेरा १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये झाला, आणि त्यानंतरही ग्लास काही काळ टॅक्सी चालवून पोट भरत होता. या परंपरेतील आर्थिक वास्तव इतके उघडपणे सांगणारे रचनाकार कमी. बहुतेकांचे पोट शिकवण्यावर चालते, काहींचे चित्रपटसंगीतावर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स आइव्ह्‌ज विम्याच्या धंद्यात होता; १९२० च्या सुमारास त्याने एक पियानो सोनाटा आणि तिच्याविषयीचे निबंधांचे पुस्तक स्वखर्चाने छापून फुकट वाटले. त्याचे निबंध आणि सोनाटा एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

श्रोते दुरावले आहेत, हा या चर्चांतला कायमचा सूर. त्याला अधूनमधून धक्केही बसतात. हेन्रिक गुरेत्स्कीची १९७६ मधील तिसरी सिंफनी बरीच वर्षे मोजक्या वर्तुळापुरती होती. १९९२ मध्ये गायिका डॉन अपशॉच्या आवाजातील ध्वनिमुद्रण आले आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. संथ लय, सोपा स्वरमेळ आणि पोलंडमधील झाकोपाने येथील गेस्टापोच्या (नाझी गुप्त पोलिसांच्या) कोठडीच्या भिंतीवर एका अठरा वर्षांच्या मुलीने कोरलेली प्रार्थना, एवढ्यावरून या यशाचा नेम कुणी आधी धरू शकला नसता. विशेष म्हणजे रचनाकाराला त्यासाठी बोलावे लागले नाही. घरोघरी ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा वाजली.

कोण बोलते, हाही प्रश्न आहे. पॉलिन ऑलिव्हेरोसने १९७० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहून स्त्री-रचनाकारांना वेगळ्या कप्प्यात टाकण्यावर बोट ठेवले. पुलित्झर संगीत पुरस्कार प्रथमच एका स्त्रीला, एलन टाफ झ्विलिचला, मिळाला तो १९८३ मध्ये. मेट्रोपॉलिटन ऑपेराने १९०३ मध्ये एथेल स्मिथचा ऑपेरा केला होता. त्यानंतर स्त्रीने रचलेला ऑपेरा तेथे थेट २०१६ मध्ये झाला, तो फिनलंडच्या काया सारिआहोचा. युरोप-अमेरिकेबाहेरून आलेल्यांना याच धाटणीचा दुसरा प्रश्न चुकत नाही: तुमच्या संगीतात तुमची संस्कृती कुठे? युद्धाच्या कटू आठवणींमुळे आपण जपानी परंपरेपासून दूर राहिलो आणि केजच्या विचारांमुळे तिच्याकडे वळलो, असे जपानी रचनाकार तोरु ताकेमित्सुने सांगितले आहे. १९६७ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसाठी त्याने बिवा (तंतुवाद्य) आणि शाकुहाची (बांबूची बासरी) ही जपानी वाद्ये वाद्यवृंदासमोर ठेवली. सोलमध्ये जन्मलेली, हाम्बुर्गला लिगेतीकडे शिकलेली उन्सुक चिन मात्र आपले संगीत कोणत्याही एका संस्कृतीचे नाही, असे ठामपणे म्हणते. दोघांची उत्तरे परस्परविरोधी असली तरी प्रश्न विचारणारे तेच असतात.

रचनापद्धतींच्या पंथांमधले जुने वैर आता ओसरले आहे. मायकेल गॉर्डन, डेव्हिड लँग आणि जुलिया वुल्फ यांनी १९८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या ‘बँग ऑन अ कॅन’ने विरोधी गटांचे संगीत एकाच लांबलचक मैफलीत वाजवायला सुरुवात केली. कॅरोलाइन शॉला २०१३ मध्ये तिसाव्या वर्षी पुलित्झर मिळाले. व्हायोलिनवादक, गायिका आणि रचनाकार या तिन्ही भूमिका ती एकत्रच निभावते. २०१८ मध्ये तो पुरस्कार रॅप गायक केंड्रिक लामारला गेला, तेव्हा अभिजात संगीताची हद्द कुठवर, यावर बरीच खडाजंगी झाली. अमेरिकेतील लुइव्हिल विद्यापीठाच्या ग्रॉमायर पुरस्कारात (पहिला मानकरी १९८५ मध्ये विटोल्ड लुटोस्वाव्स्की) अंतिम निवड संगीतप्रेमी सामान्य श्रोत्यांच्या समितीकडे असते. बॅबिटला ही कल्पना कितपत रुचली असती, कोण जाणे.

वादकांना मात्र या निवेदनांचा रोकडा उपयोग होतो. हेल्मुट लाखेनमानच्या १९६९ मधील चेलोसाठीच्या ‘प्रेसियों’ या रचनेची लिपी निघणारा स्वर फारसा दाखवत नाही. वादकाने गज आणि बोटे वाद्यावर कुठे, किती दाबाने फिरवायची, हे ती दाखवते. अशा संगीतात रचनाकाराचा खुलासा स्वरलिपीइतकाच कामाचा ठरतो. येल विद्यापीठात व्हिव्हियन पर्लिसने १९६९ च्या सुमारास आइव्ह्‌जला ओळखणाऱ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. त्यातून उभ्या राहिलेल्या संग्रहात पुढे अनेक अमेरिकन रचनाकारांचे स्वतःचे आवाज जमा झाले.