वसाहतीचं पावसाचं पाणी: 1851 सालचं सूत्र आणि त्यात न बसलेला प्रश्न

नव्या वसाहतीच्या पावसाळी गटाराचा आराखडा आजही बहुधा दोन जुन्या सूत्रांवर उभा असतो. एक 1851 सालचं. आयर्लंडमधले अभियंते थॉमस मल्व्हनी यांनी मांडलं की पाणलोटाच्या सर्वांत लांबच्या टोकाचं पाणी मुखाशी पोचतं तेव्हा प्रवाह कमाल होतो. तिथवर पोचायला त्या पाण्याला लागणाऱ्या अवधीला आपण संकलन काळ म्हणतो. 1889 साली एमिल कुइचलिंग यांनी अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहराच्या गटारांसाठी हाच विचार वापरला. अपवाह गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा वाटा), पावसाची ताशी मिलिमीटरमधली तीव्रता आणि हेक्टरमधलं क्षेत्र यांच्या गुणाकाराला 360 ने भागलं की सेकंदाला किती घनमीटर पाणी येणार ते कळतं. त्याच वर्षी रॉबर्ट मॅनिंग (हेही आयर्लंडचेच) यांनी उतार, खडबडीतपणा आणि वेग यांचं नातं मांडलं. पहिल्या सूत्रातून प्रवाह मिळतो, दुसऱ्यातून पाइपचा व्यास.

तोवर वेगळाच वाद पेटलेला होता: पावसाचं पाणी आणि घरातलं सांडपाणी एकाच गटारात सोडायचं की वेगळ्या. लंडनच्या गटारांत 1815 पर्यंत घरातली घाण सोडायला बंदी होती. ती गटारं फक्त पावसाच्या पाण्यासाठी होती. 1848 पासून घरं त्यांना जोडणं सक्तीचं झालं आणि 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीनं संसद हैराण झाली. अमेरिकेत मेम्फिस शहरानं पीतज्वराच्या साथीनंतर 1880 साली पावसाचं पाणी वगळून फक्त सांडपाण्याचं जाळं घातलं. नव्या वसाहतीत दोन वाहिन्या वेगळ्या ठेवण्याचा आजचा नियम या जुन्या भांडणातून आला आहे. तरी छताचा पाइप जवळ सापडलेल्या सांडपाण्याच्या चेंबरला जोडून देणं काही थांबलेलं नाही, आणि मग पहिल्याच मोठ्या सरीत झाकणं उडतात.

या सूत्रांना एकच काम होतं: आपलं पाणी आपल्या हद्दीबाहेर काढणं. खालच्या नाल्याचं काय होईल, हा प्रश्न त्यांत बसत नव्हता. हिशेब करून पाहा. 2 हेक्टर गवताळ जमीन, गुणांक 0.3, संकलन काळ 30 मिनिटं आणि त्या अवधीची तीव्रता ताशी 60 मिमी धरली, तर सेकंदाला 100 लिटर पाणी वाहतं. तिथे घरं आणि रस्ते झाले की गुणांक 0.8 होतो. शिवाय पाइपमधून पाणी झपाट्यानं धावत असल्यानं संकलन काळ 10 मिनिटांवर येतो आणि छोट्या अवधीची तीव्रता, समजा, ताशी 90 मिमी धरावी लागते. आता प्रवाह सेकंदाला 400 लिटर. गुणांक तिप्पटही झाला नाही, प्रवाह मात्र चौपट.

1970 च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक ठिकाणी नियम आला की विकासानंतरचा कमाल प्रवाह आधीच्यापेक्षा वाढता कामा नये. 1971 साली तिथल्या पर्यावरण संस्थेचं संगणकीय प्रतिमान उपलब्ध झालं, त्यामुळे पावसाच्या अवधीभर प्रवाह कसा चढतो-उतरतो हेही पाहता येऊ लागलं. जास्तीचं पाणी थोपवून हळूहळू सोडणारे साठवण तलाव आले आणि त्यांच्याबरोबर नवी चूक आली: पाइपचीच 10 मिनिटांची सर तलावालाही लावायची. वरच्या उदाहरणातल्या वसाहतीत त्या सरीत 240 घनमीटर पाणी येतं, सेकंदाला आधीइतकेच 100 लिटर सोडले तर 60 बाहेर जातं, म्हणजे 180 ची साठवण पुरेशी वाटते. पण ताशी 45 मिमीचा पाऊस तासभर पडला तर 720 येतं, 360 जातं, 360 उरतं. तलाव बरोबर अर्धाच बांधलेला असतो. पाइप छोट्या जोरदार सरीत तुंबतो, तलाव लांब पावसात भरतो. म्हणून अनेक अवधी तपासून सर्वांत मोठी साठवण धरायची.

सेकंदाला 100 लिटरच सोडायचे तर दीड मीटर पाण्याच्या दाबाखाली तलावातून पाणी बाहेर सोडणारं भोक सुमारे 200 मिमी लागतं. पालापाचोळा आणि पिशव्यांना ते सहज बुजतं. त्यामुळे पुढे मोठी, तिरकी जाळी हवी आणि भोक बुजलं तरी पाणी सुरक्षित उतरेल असा वरचा सांडवाही. तो कागदावर असतो, पण पुढे कुंपणाच्या भिंतीत गाडला जातो.

1990 च्या दशकात अमेरिकेतल्या मेरीलंड राज्याच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत पाणी जिथे पडतं तिथेच जिरवणाऱ्या वनस्पतीयुक्त खड्ड्यांचा मार्ग पुढे आला. पाण्याचं एकूण आकारमान कमी करणारा हाच उपाय. तलाव नुसता उशीर करतो. पण बांधकाम चालू असताना हे खड्डे उघडे ठेवले तर गाळानं तळ बंद होतो, आणि ट्रकनं दाबलेली माती वरून हिरवळ लावली तरी पाणी घेत नाही. जिरवण सर्वांत शेवटी, उघडी माती गवतानं झाकल्यानंतर, आणि तिच्या जागेवरून एकही यंत्र न नेता करावी लागते.