मटण, चिकन आणि तेलाची छोटी बाटली : मांजराच्या कच्च्या खाऊतल्या चरबीचा हिशेब

आमचा मांजराच्या कच्च्या खाऊचा डबा घरी नेल्यावर पहिल्या आठवड्यात जे फोन येतात, त्यांत दोन प्रश्न हमखास असतात. "मटणाचा डबा महाग आहे, म्हणजे तोच चांगला ना?" हा एक. "सोबतची तेलाची बाटली वेगळी कशाला? डब्यातच मिसळून द्या की," हा दुसरा. दोन्हींचं उत्तर मांसातल्या चरबीत आहे. फोनवर ते पूर्ण सांगून होत नाही, म्हणून हे पत्रक छापलं.

मटणाला कमी लेखायचं धाडस कोल्हापुरात राहून आम्ही करणार नाही. पण मांजराच्या गरजेत एक गोष्ट अशी आहे, की तिथं साधं ब्रॉयलर चिकन बकऱ्याला मागं टाकतं. ती समजायला स्वयंपाकघरातच एक प्रयोग करून बघा. रविवारी मटण शिजवून काढलेलं अळणी पाणी वाटीभर बाजूला काढून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरा, मेणासारखा थर धरलेला असेल, सुरीनं कापला तर वडी पडेल. चिकनच्या पाण्यावर येणारा थर पिवळसर आणि मऊ असतो, चमच्यानं सहज निघतो. आणि आमच्या बाटलीतलं मासळीचं तेल त्याच फ्रीजमध्ये राहून पाण्यासारखं ओतलं जातं.

चरबी म्हणजे मेदाम्लांच्या लांब साखळ्या. सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात, म्हणून ती चरबी थिजते. साखळीत दुहेरी बंध आला की तिथं वाकण पडतं. मग साखळ्या घट्ट बसत नाहीत आणि चरबी पातळ राहते. बकऱ्याच्या चरबीत सरळ आणि एका वाकणाच्या साखळ्या जास्त, कोंबडीच्या चरबीत दोन वाकणांच्या बऱ्यापैकी, आणि समुद्रातल्या मासळीच्या तेलात पाच-सहा वाकणांच्यासुद्धा. मांजराला बाहेरून घ्यावीच लागतात ती या वाकणांची आम्लं. पण हवेतला ऑक्सिजनही नेमका वाकणाच्या आसपासच डंख मारतो आणि तेल खवट होतं. बाटली वेगळी ठेवण्याचं कारण तिथं आहे. त्याकडे पुढं येतो.

मांजराला कुठली आम्लं लागतात

चार नावं लक्षात ठेवली तरी पुरे. ओमेगा-६ गटातलं लिनोलेइक आणि अ‍ॅराकिडोनिक, ओमेगा-३ गटातलं ईपीए आणि डीएचए.

आपण माणसं लिनोलेइकपासून अ‍ॅराकिडोनिक शरीरात बनवू शकतो, कुत्रीही बनवतात. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारं एन्झाइम जवळजवळ कामच करत नाही. लंडनमधल्या संशोधकांनी १९७५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हे मांडलं. त्यामुळे मांजराला अ‍ॅराकिडोनिक आम्ल तयारच मिळावं लागतं, आणि ते मुख्यतः प्राण्यांच्या शरीरातच असतं. आजीच्या काळातली मांजरं दूधभातावर जगली असं आपण म्हणतो खरं, पण वाड्यातल्या धान्याच्या कणगीमागचे उंदीर कोण खात होतं ते आपण मोजत नाही. उंदराच्या काळीज-यकृतात हे आम्ल भरपूर असतं. फ्लॅटमधल्या मांजराला नुसता दूधभात देत राहिलं तर ही तूट हळूहळू उघडी पडते. केस रुक्ष होतात, कोंडा पडतो, जखम लवकर भरत नाही. अ‍ॅराकिडोनिकच मिळालं नाही तर मादीला धड पिल्लं होत नाहीत.

याच कारणामुळे जवसही इथं उपयोगाचा नाही. "आम्ही जवसाची चटणी खातो, त्यात ओमेगा-३ आहे म्हणतात, थोडं जवस तेल घातलं तर?" असं बरेच जण विचारतात. जवसात ओमेगा-३ आहे हे खरं. पण ते ज्या रूपात आहे, त्याचं ईपीए-डीएचए करायलाही तेच एन्झाइम लागतं. तुमच्या ताटात जवसाची चटणी जरूर असू द्या. मांजरासाठी मात्र मासळीच.

मटणात काय कमी पडतं

मांजराच्या खाद्यासाठीचे अमेरिकन निकष सांगतात, की पाणी वगळून उरलेल्या कोरड्या खाद्यात लिनोलेइक आम्ल किमान ०.६ टक्के हवं. म्हणजे किलोमागे ६ ग्रॅम. आता हिशेब करू. बकऱ्याच्या १ किलो निवळ (चरबी काढलेल्या) मांसात लिनोलेइक साधारण १ ग्रॅम असतं. त्या किलोतलं पाणी काढलं तर उरतं २४०-२५० ग्रॅम, म्हणजे कोरड्या किलोला सुमारे ४ ग्रॅम. गरजेपेक्षा कमी. म्हशीच्या निवळ मांसाचीही गत तशीच. मका-सोयाबीनवर वाढलेल्या ब्रॉयलरच्या मांडीत चामडी काढली तरी किलोला ३५-४० ग्रॅम चरबी असते, आणि तिच्यातला जवळपास पाचवा हिस्सा लिनोलेइक. म्हणजे ७-८ ग्रॅम. पाणी काढून तसाच हिशेब केला, तर हे गरजेच्या चार-पाच पट भरतं.

म्हणून आमच्या मटणाच्या डब्यात आम्ही करडईचं तेल घालतो. जुन्या वाणाच्या करडई तेलात लिनोलेइक सुमारे ७५ टक्के असतं, आणि मांजराला लिनोलेइकसाठी वनस्पतीचं तेल चालतं. घरी स्वतः मटण आणून खाऊ बनवणाऱ्यांनी १ किलोला एक लहान चमचा, म्हणजे ५ मिली घालावं. 'हाय ओलेइक' असं लिहिलेली बाटली मात्र नको, तिच्यात नेमकं हेच आम्ल कमी केलेलं असतं. घाण्याचं शेंगदाणा तेल चालेल का? चालेल, पण त्यात लिनोलेइक निम्म्याहूनही कमी, म्हणजे तेवढ्यासाठी दुप्पट-अडीचपट तेल घालावं लागेल आणि मांजराचं पोट बिघडेल. खोबरेल तेलात तर ते नावालाच असतं. अंड्याचा पिवळा बलक किलोला एक घाला, त्यातून लिनोलेइकही येतं आणि अ‍ॅराकिडोनिकही.

चिकनच्या डब्यात उलटी अडचण. ओमेगा-६ भरपूर, ईपीए-डीएचए जवळजवळ नाही. तेलाची बाटली मुख्यतः त्यासाठी.

'५ ला १' च्या मागं लागू नका

ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांचं प्रमाण ५ ला १ हवं, १० ला १ हवं, असं वाचून काही ग्राहक कॅल्क्युलेटर घेऊनच येतात. आमचं मत स्पष्ट आहे : आधी प्रत्येक आम्लाची मात्रा पुरी होते का ते बघा, प्रमाण नंतर. बकऱ्याच्या मांसात हे प्रमाण साधारण ५ ला १ च निघतं आणि कागदावर छान दिसतं, पण ते दोन्ही आम्लं कमी असल्यामुळे. खिशात ५ रुपये आणि १ रुपया असला तरी प्रमाण ५ ला १ च असतं, त्यात चहासुद्धा येत नाही.

बाटली वेगळी का

सुरुवातीला आम्ही तेल डब्यातच मिसळत होतो. फ्रीझरमध्ये आहे, काय होतंय, असं वाटायचं. महिना-दीड महिन्यानं एका लॉटबद्दल तक्रारी आल्या. मांजर वास घेतं आणि ताटलीभोवतीची फरशी पंजानं खरडतं, माती ओढून झाकल्यासारखं. आम्ही डबा उघडून वास घेतला. दिवाळीचा चिवडा होळीपर्यंत राहिला की येतो तो वास. मांस कुटलेलं, म्हणजे हवा सगळीकडून लागलेली, त्यात मासळीचं तेल. गोठवल्यानं खवटपणा मंदावतो, थांबत नाही. चूक आमचीच होती, तो सगळा लॉट टाकून दिला.

आता डब्यात ई जीवनसत्त्व आधीच मिसळलेलं असतं, तेल तेवढं तुम्ही ताटलीत घालायचं. ई जीवनसत्त्व हा या व्यवहारातला खवटपणा रोखणारा पहारेकरी. मासळीचं तेल जितकं जास्त, तितकं तेही जास्त लागतं. ते कमी पडून मासळीची चरबी वाढली तर मांजराच्या कातडीखालची चरबी पिवळी पडून सुजते. मांजराला ताप येतो, ते उडी मारत नाही, उचलून घेतलं तर ओरडतं. हा आजार लाल मांसाच्या टुनाच्या डब्यांवर वाढलेल्या मांजरांत प्रथम दिसला होता. म्हणून "दोन थेंब जास्त पडले तर बरंच" असं समजू नका.

मात्रा अशी : ४ किलोच्या प्रौढ मांजराला पाव मिली, आठवड्यातून तीन दिवस. सुई नसलेली १ मिलीची सिरिंज सोबत दिली आहे, तिच्यावर ०.२५ ची खूण बघा. एवढ्यात साधारण ७० मिलीग्रॅम ईपीए-डीएचए येतं. निरोगी प्रौढ मांजराची किमान गरज दिवसाला जेमतेम ५-६ मिलीग्रॅम आहे, तेव्हा आठवड्याचा हिशेब करूनही हे भरपूर झालं. सांधेदुखी, कातडीचे किंवा मूत्रपिंडाचे आजार असतील तर डॉक्टर यापेक्षा जास्त देतात. तो निर्णय त्यांचा, आमचा नव्हे. गाभण मादी आणि वाढत्या पिल्लांना डीएचए जास्त महत्त्वाचं असतं, त्यांचा मेंदू आणि डोळ्याचा पडदा त्यावर घडतो. त्यांच्यासाठी फोन करूनच मात्रा ठरवा. नसबंदी किंवा दुसरं ऑपरेशन ठरलं असेल, तर मांजराला मासळीचं तेल चालू आहे हे डॉक्टरांना आधी सांगा, कारण त्यानं रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो.

बाटली उघडल्यावर फ्रीजमध्येच ठेवा आणि सहा आठवड्यांत संपवा. खवट वास आला तर फेकून द्या, आमच्याकडून बदली बाटली न्या. पैसे घेत नाही.

मेडिकलमधून कॅप्सूल आणत असाल तर पाठीमागची चिठ्ठी वाचा. पुढं मोठ्या अक्षरात १००० मिलीग्रॅम असतं ते तेलाचं वजन. साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे कामाचं ३०० मिलीग्रॅमच. आणि लहानपणी आपल्याला देत ते कॉड लिव्हर ऑइल हे नव्हे. ते माशाच्या यकृताचं, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व भरलेलं असतं. आमच्या डब्यात यकृत आहेच. वरून ते तेल दिलं तर अ जीवनसत्त्व साठत जातं आणि मान-पाठीची हाडं आखडतात.

बाटलीऐवजी मासा

तारली किंवा बांगडा दिला तर उत्तम, आणि स्वस्तही. आठवड्यातून एकदा, काटे काढून, ३०-४० ग्रॅम. त्या आठवड्यात बाटली बंद. मासा मात्र वाफवूनच द्या. तारलीसारख्या काही कच्च्या माशांत थायामिन (बी-१ जीवनसत्त्व) मोडणारं एन्झाइम असतं. ते रोज पोटात गेलं तर मांजराची मान खाली झुकते, झटके येतात. शिजवल्यावर ते एन्झाइम निकामी होतं. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा घाट चढून इथं येणारी मासळी बहुतेक बर्फातली जुनी असते, त्या दोन महिन्यांत बाटलीच बरी. पावसाळ्यानंतरच्या तारलीला जे तेल सुटतं त्याला तोड नाही. नदी-तलावातल्या माशांत ही आम्लं कमी.

रश्श्यातले उरलेले तुकडे धुऊनही देऊ नका. कांदा-लसूण मसाला मुरलेला असतो, आणि कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो.

कच्चं की वाफवलेलं

कच्चंच द्या असा आमचा आग्रह नाही. कच्च्या मांसात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात आणि गोठवल्यानं ते मरत नाहीत. २०२५ च्या सुरुवातीला मध्य प्रदेशात छिंदवाड्याला पाळीव मांजरांत बर्ड फ्लू सापडला. तशी बातमी जवळपासची असेल तेव्हा आम्ही चिकनचे डबे वाफवलेलेच देतो. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा केमो चालू असलेलं कुणी असेल तर वाफवलेलाच न्या. चरबीचा वरचा सगळा हिशेब त्यालाही तसाच लागू आहे. घरी वाफवत असाल तर सुटलेलं पाणी टाकू नका, चरबी आणि टॉरिन (मांजराच्या हृदयाला आणि डोळ्यांना लागणारा घटक) दोन्ही त्यात उतरतात. आमच्या डब्यात हाड नाही, कॅल्शियम अंड्याच्या कवचाच्या पुडीतून येतं. स्वतः मांस आणणाऱ्यांनी शिजवलेलं हाड कधीच देऊ नये.

डबा उणे १८ अंशावर दोन महिने. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सोडवा आणि दोन दिवसांत संपवा, पुन्हा गोठवू नका. लाईट जाऊन डबा पूर्ण सुटला असेल तरी हाच नियम. एप्रिल-मेमध्ये ताटली अर्ध्या तासानं उचला.

श्रावणात बऱ्याच घरांत मांसाचा डबा फ्रीजमध्ये चालत नाही. मांजर काही श्रावण पाळत नाही. त्या महिन्यात डबे आमच्या फ्रीझरमध्ये तुमच्या नावानं ठेवतो, रोज संध्याकाळी सहा ते आठ एकेक घेऊन जा. सोमवारीही उघडं असतं.