पाइप तेच, पाणी वेगळं: हायड्रोपोनिक्स आणि ॲक्वापोनिक्स

पांढरे पीव्हीसी पाइप, त्यांना ओळीने पाडलेली भोकं, भोकांत जाळीच्या छोट्या कुंड्या आणि त्यांतून वर आलेलं हिरवंगार लेट्यूस. असा फोटो फिरत फिरत येतो, तेव्हा खाली ‘मातीविना शेती’ एवढंच लिहिलेलं असतं. फोटो हायड्रोपोनिक्सचा आहे की ॲक्वापोनिक्सचा, हे नुसत्या पाइपांवरून जाणकारालाही ओळखता यायचं नाही. पाइप दोन्हीकडे तेच. वेगळं असतं ते आतलं पाणी, आणि त्या पाण्यात झाडाचं खाणं कुठून येतं ते. त्यामुळे परसात पहिली टाकी ठेवण्याआधी हा फरक नीट समजून घ्यावा. एकाचा सल्ला दुसऱ्याला लावला, तर रोपं पिवळी पडतात नाहीतर मासे उलटे होतात.

हायड्रोपोनिक्समध्ये झाडाचं खाणं आपण विकत आणून पाण्यात विरघळवतो. १९३०च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्यम गेरिकने टोमॅटोचे उंच वेल असे खनिजांच्या पाण्यावर वाढवून दाखवले, तेव्हापासून तत्त्व बदललेलं नाही. द्रावणाच्या दोन बाटल्या मिळतात, ए आणि बी. दोन अशासाठी, की कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट-फॉस्फेटवाली खतं घट्ट स्वरूपात एकत्र केली तर तळाशी पांढरा साका बसतो आणि तो झाडाला मिळत नाही. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांना हे सांगावं लागत नाही. ठिबकमधून विद्राव्य खतं सोडताना ते हीच काळजी घेतात.

ॲक्वापोनिक्समध्ये बाटली नसते, मासे असतात. आपण खाद्य माशांना घालतो, झाडांना नाही. मासा ते खातो आणि बराचसा नत्र कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतो. हा अमोनिया माशालाच विषारी. झाडांच्या वाफ्यात भरलेल्या खडीवर, पाइपाच्या आतल्या भिंतीवर बसलेले एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात (तेही विषारीच), आणि दुसऱ्या प्रकारचे त्याचं नायट्रेट. ते नायट्रेट झाड उचलतं, आणि बऱ्यापैकी निवळलेलं पाणी परत माशांकडे जातं. म्हणजे इथे मासे, जिवाणू आणि झाडं अशा तिघांना सांभाळायचं असतं. मधला डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नेमका तोच विसरला जातो.

शेततळ्यातलं माशांचं पाणी मोटारीने उचलून भाजीला देणारे शेतकरी आपल्याकडे पुष्कळ आहेत. ते या दोन्हींपैकी काही नाही. पाणी मातीत जातं, परत येत नाही. पण ज्याच्याकडे आधीच शेततळं आणि जमीन आहे, त्याने पाइपांच्या भानगडीत पडूच नये असं माझं मत आहे. त्याचं चाललंय ते जास्त शहाणपणाचं आहे.

आता सवयींकडे वळू, कारण गोंधळ होतो तो तिथेच. हायड्रोपोनिक्समध्ये स्वच्छता म्हणजे जंतू मारणं. पीक निघालं की पाइप ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवायचे, दोन-तीन आठवड्यांनी टाकीतलं द्रावण बदलायचं. ॲक्वापोनिक्समध्ये हेच केलं तर मधले जिवाणू मरतात आणि दोन दिवसांत अमोनिया चढतो. तिथे गाळणीसुद्धा नळाखाली धरायची नाही, क्लोरिनमुळे. टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन त्यात ती खळबळायची. नळाचं पाणी भर घालायला वापरायचं, तर आदल्या दिवशी उघड्या पिंपात काढून ठेवायचं.

सामूचंही (पीएच) तसंच. हायड्रोपोनिक्समध्ये तो ५.५ ते ६.५च्या दरम्यान ठेवतात, झाडाला तेवढाच आवडतो. ॲक्वापोनिक्समध्ये जिवाणूंना थोडा जास्त हवा असतो, म्हणून ७च्या जरा खाली तडजोड करावी लागते. दख्खनच्या बोअरचं पाणी बहुधा जड असतं, सामू ८च्या आसपास. सामू जितका वर, अमोनिया तितका जास्त विषारी, हे माशांच्या बाबतीत फार महत्त्वाचं. उलट नुसतं पावसाचं पाणी घेतलं तर त्यात सामू धरून ठेवणारे क्षारच नसतात, आणि जिवाणूंच्या कामामुळे तो हळूहळू घसरत जातो. बोअर आणि पाऊस यांचं मिश्रण दोघांचीही खोड मोडतं.

फवारणीची गोष्ट सर्वांत महागात पडते. भेंडीवर मावा किंवा बुरशी दिसली की आपला हात तंबाखूच्या काढ्याकडे, निंबोळी अर्काकडे नाहीतर मोरचुदाकडे जातो. हायड्रोपोनिक्समध्ये नियम पाळून फवारणी करता येते. ॲक्वापोनिक्समध्ये पानावरून ओघळलेला थेंब थेट माशांच्या टाकीत. मोरचुदातलं तांबं आणि तंबाखूतलं निकोटिन माशांना घातकच. ‘सेंद्रिय आहे, चालेल’ हा तर्क इथे चालत नाही, निंबोळी अर्कही जपूनच. हाताने मावा पुसणं, पिवळे चिकट सापळे आणि नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा, एवढ्यावर भागवायची तयारी असेल तरच मासे आणावेत.

आणखी एक फसवं खत म्हणजे १९:१९:१९. दुकानात ‘पाण्यात विरघळतं’ म्हणून हातात दिलं जातं. त्यातला बराचसा नत्र युरिया आणि अमोनियमच्या रूपात असतो. मातीत जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. हायड्रोपोनिक्सच्या स्वच्छ पाण्यात ते करायला कुणी नाही, म्हणून झाड उपाशी. आणि ॲक्वापोनिक्सच्या टाकीत ते म्हणजे सरळ अमोनिया ओतणं. दोन्हीकडे नको, पण कारणं उलटी.

इथपर्यंतचा फरक कुठल्याही माहितीपत्रकात थोडाफार सापडतो. महाराष्ट्रात परसबाग करणाऱ्याला खरा भिडतो तो पुढचा, हंगामाचा.

खताचाही हंगाम

बाटलीतल्या द्रावणाला ऋतू नसतो. डिसेंबरात टाकलं काय, मे महिन्यात टाकलं काय, नत्र तेवढाच. म्हणून हायड्रोपोनिक्समध्ये भाजी निवडताना हवेकडे आणि पाण्याच्या तापमानाकडे पाहिलं की पुरे. ॲक्वापोनिक्समध्ये मात्र खत माशाच्या भुकेवर अवलंबून, आणि माशाची भूक पाण्याच्या तापमानावर. चिलापी, म्हणजे तिलापिया, २४ ते ३० अंशांच्या पाण्यात खूश असते. पाणी विशीच्या खाली गेलं की खाणं मंदावतं, आणखी उतरलं की जवळजवळ थांबतं. जिवाणूही गारठ्यात सुस्तावतात.

निफाडला काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांखाली जातो, पुण्यात दहाच्या आसपास रात्री नेहमीच्या. आणि आपल्याकडे पालक, शेपू, मुळा, कोबी, टोमॅटो यांचा खरा बहर कधी? नेमका तेव्हाच. म्हणजे देशावर ॲक्वापोनिक्समध्ये भाजी सर्वांत भुकेली असते, तेव्हा मासे सर्वांत कमी जेवतात. मे महिन्यात उलट: मासे अधाशासारखे खातात, पाण्यात नायट्रेट भरपूर, आणि पालक उन्हाने फुलावर येऊन बसलेला.

आकड्यांत पाहू. पालेभाजीच्या एक चौरस मीटर वाफ्यामागे रोज ४० ते ५० ग्रॅम मत्स्यखाद्य टाकीत जायला हवं, असा जागतिक अन्न व कृषी संघटनेचा ठोकताळा आहे. फळभाजीला ५० ते ८० ग्रॅम. ५०० लिटरच्या टाकीत पाव किलोचे वीस मासे धरा, म्हणजे पाच किलो. वजनाच्या दीड टक्का खाद्य म्हणजे दिवसाला ७५ ग्रॅम. त्यावर पंधरा-वीस चौरस फूट पालेभाजी पोसते. जानेवारीत माशांनी निम्मंच खाल्लं, तर वाफाही निम्माच पोसणार. खाद्य जास्त टाकून उपयोग नाही. ते तळाशी सडतं आणि अमोनिया वाढवतं.

यावर उपाय दोन. एक, मासा बदलणं. सायप्रिनस आणि त्याचाच रंगीत भाऊ कोय हे कार्प कुळातले मासे थंडी जास्त सोसतात आणि चिलापीने खाणं सोडलं तरी थोडंफार खात राहतात. शाकाहारी घरात तर कोय किंवा गोल्डफिशच बरे, मोठे झाल्यावर त्यांचं काय करायचं हा प्रश्नच येत नाही. चिलापी हा १९५२ साली भारतात आणलेला परका मासा आहे. तो आपल्या जलाशयांत किती पसरला ते उजनीच्या काठी जाऊन कुणीही पाहावं. म्हणून टाकीतला मासा ओढ्यात सोडायचा नाही, आणि सुधारित गिफ्ट तिलापिया परवान्याशिवाय पाळायचा नाही. रोहू-कटला तळ्यातले मासे, पाचशे लिटरच्या टाकीत त्यांची कुचंबणा होते.

दुसरा उपाय भाजी बदलण्याचा, आणि मला तो जास्त पटतो. मातीतल्या वाफ्याचं हंगामाचं कोष्टक जसंच्या तसं न उचलता ते माशांच्या जेवणाला जुळवून घ्यायचं. मार्च ते मे, मासे भरपूर खात असताना, नाळीची भाजी, माठ, अळू, भेंडी, काकडी. नाळ आणि अळू यांना पाण्यात पाय ठेवून जगायची सवयच असते, त्यामुळे ॲक्वापोनिक्समध्ये त्यांच्याइतकं बिनतक्रार दुसरं काही नाही. पावसाळ्यात ढगाळ हवेमुळे काकडी-दोडक्यावर केवडा आणि भुरी हे रोग येतात आणि औषध मारता येत नाही, तेव्हा वेलवर्गीय भाज्या मातीतच बऱ्या. टाकीवर अंबाडी, चवळीचा पाला, पुदिना. ऑक्टोबरच्या उन्हात साठलेल्या नायट्रेटवर पालकाची लावणी करून टाकायची आणि हिवाळाभर वाफा अर्धाच भरलेला ठेवायचा. कोकणात आणि गोव्यात हा पेच जवळजवळ नाही, तिथे जानेवारीतही पाणी फारसं गार पडत नाही. विदर्भात उलटी चिंता: मे महिन्यात पाणी ३५ अंशांकडे जातं, प्राणवायू कमी धरतं, आणि टाकीवर हिरवी जाळी ताणल्याशिवाय मासे टिकत नाहीत.

हायड्रोपोनिक्सवाल्यांचा जीव मात्र उन्हाळ्यातच टांगणीला. द्रावण पंचविशीच्या वर तापलं की लेट्यूसची मुळं तपकिरी, बुळबुळीत होऊन सडू लागतात. त्यांचं सोनं नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पालक, लेट्यूस, तुळशीचे विदेशी प्रकार, आणि थोडं पोटॅश वाढवलं की चेरी टोमॅटो. टोमॅटोचा विषय निघाला म्हणून: ॲक्वापोनिक्समध्ये तो बऱ्याचदा निराश करतो, कारण मत्स्यखाद्यात पोटॅश आणि लोह झाडाला पुरेल इतकं नसतं. पानांच्या कडा करपल्या तर पोटॅश कमी, कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडली तर लोह. सामू घसरला की तो वर आणायला पोटॅशियम बायकार्बोनेट आणि चुना आलटून पालटून अगदी थोडे घालतात, त्यात पोटॅश आणि कॅल्शियम दोन्ही भागतं. लोह चिलेट स्वरूपातलं (पाण्यात विरघळलेलं राहणारं), लिटरला २ मिलिग्रॅमच्या हिशेबाने.

मेथी-कोथिंबीर दोन्हीकडे लावणारे भेटतात. हौस म्हणून ठीक. महिन्याभरात मातीच्या वाफ्यात फुकट येणारी जुडी पाइपात काढण्यात मला अर्थ दिसत नाही. गाजर-बटाट्याचं नावच काढू नका.

गच्ची की परस

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हजार लिटरची टाकी आणि खडीने भरलेला फूटभर खोल वाफा गच्चीवर ठेवायचा तर दीड-दोन टनांचा मामला आहे, स्लॅब कुणा अभियंत्याला दाखवल्याशिवाय करू नये. शंभर लिटरच्या द्रावणावर चालणारे पाइप गच्चीत सहज बसतात. म्हणून फ्लॅटमध्ये हायड्रोपोनिक्स, आणि पायाखाली जमीन असलेल्या परसात ॲक्वापोनिक्स, ही विभागणी बहुतेक वेळा बरोबर ठरते.

वीज दोघांनाही लागते. गुरुवारी देखभालीसाठी दुपारभर वीज गेली, तर पाइपातल्या पातळ धारेवर जगणारी मुळं उन्हात तासा-दोन तासांत कोमेजतात. खडीच्या वाफ्यातली झाडं दिवस काढतात, मासे मात्र पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागतात. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप मासे आणायच्या आधी घ्या. शिवाय चार दिवस गावाला जायचं तर द्रावणाची टाकी भरून जाता येतं. मासे म्हणजे गोठा, शेजाऱ्याला सांगूनच घर सोडावं लागतं. डासांचा प्रश्न दोन्ही टाक्यांना आहे. माशांच्या टाकीत अळ्या उरत नाहीत, द्रावणाच्या टाकीला घट्ट झाकण हवं.

ॲक्वापोनिक्सच करायचं ठरलं असेल तर मृगाच्या सुमारास सुरुवात सोयीची. पाणी कोमट असतं, छपरावरचं पाणी मिळतं (पहिल्या एक-दोन सरींचं सोडून द्या), आणि कार्प जातींची बोटुकली (बोटभर पिल्लं) पावसाळ्यातच बाजारात येते. वाफ्यात काळ्या दगडाची पाऊण इंची खडी भरा. लिंबू पिळून फेस आला तर ती चुनखडीची, ती नको. चालू असलेल्या एखाद्या टाकीतली मूठभर खडी मिळाली तर जिवाणू लवकर बसतात. एरवी चार ते सहा आठवडे धरा. त्या काळात तपासणीच्या किटवर आधी अमोनिया चढून उतरतो, मग नायट्राइट, आणि मग नायट्रेट दिसू लागतं. थंडीत सुरू केलं तर हेच रेंगाळतं.

पहिल्या पावसाळ्यात फार लावू नका. दहा ग्रॅमची वीस पिल्लं मिळून दिवसाला आठ ग्रॅमच्या आसपास खातात, त्यावर दोन चौरस फूट माठ येईल, जास्त नाही. पूर्ण वाफा भरण्याइतके मासे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत होऊ शकतात. तेव्हा खाद्य पोटभर घाला, आणि नाळ, अळू, भेंडी एकदम लावा. पालकाचं बी ऑक्टोबरपर्यंत डब्यात राहू द्या.