आगरातलं कडू पाणी आणि तीन धातूंचा त्रिकोण

गोव्यातल्या पेडण्यात आगरवाड्याच्या मिठागरांत मीठ धरलं की खाली थोडं पाणी उरतं. दाटसर, बोटाला बुळबुळीत, जिभेवर ठेवलं तर कडूजहर. ते वेळेत काढून टाकलं नाही, तर मीठही कडवट होतं. हा कडवटपणा मॅग्नेशियमचा. समुद्राचं पाणी आटताना जिप्सम आधी बसतं, मग मीठ, आणि मॅग्नेशियमचे क्षार अगदी शेवटपर्यंत पाण्यातच राहतात. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल (१९०१) मिळवणारे व्हान्ट हॉफ यांनी जर्मनीतल्या स्टासफुर्टच्या क्षारसाठ्यांबाबत हाच क्रम वर्षानुवर्षं तपासला.

कुठल्या मिश्रणातून कोणता स्फटिक वेगळा होतो, हाच हिशोब धातूंचाही मांडता येतो. मॅग्नेशियम हलकं, घनता घनसेंटिमीटरला १.७४ ग्रॅम; अ‍ॅल्युमिनियमची २.७. पण एकटं ते मऊ, म्हणून त्यात इतर धातू मिसळतात. एझेड ९१ या मिश्रधातूत साधारण ९ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि १ टक्का जस्त असतं. असे तीन धातू घेतले, की त्रिकोण काढायचा. प्रत्येक कोपऱ्यावर एक शुद्ध धातू, आत सगळी मिश्रणं. ठरावीक तापमानाला कुठल्या मिश्रणात कोणते घटक-स्फटिक, म्हणजे प्रावस्था, शेजारी शेजारी नांदतात, ते या नकाशावर दिसतं. तीन प्रावस्था एकत्र असतील तिथे नकाशात छोटा त्रिकोण पडतो. त्याच्या आत मिश्रण कुठेही घ्या, त्याच तिघी सापडणार, त्यांची रचनाही तीच. फक्त प्रत्येकीचा वाटा बदलतो.

सांगायला सोपं, करायला महाकठीण. मॅग्नेशियम ६५० अंशांना वितळतं आणि तापवताना वाफ होऊन निसटतं. हवा मिळाली तर पेटतं. क्वार्ट्‌झच्या नळीत नुसतं ठेवलं तर नळीच खातं. म्हणून आधी टँटलम या मॅग्नेशियमला दाद न देणाऱ्या धातूच्या कुपीत बंद करायचं, ती कुपी आर्गॉन हा निष्क्रिय वायू भरलेल्या क्वार्ट्‌झमध्ये, आणि मग भट्टीत आठवडेच्या आठवडे. घन पदार्थात अणू रांगत सरकतात. घाईत काढलेल्या नमुन्यात अर्धवट राहिलेली प्रावस्थाही खरी वाटते, आणि नकाशा चुकतो. माझ्या मते सगळी गोम या वाट पाहण्यात आहे.

पुरेशी वाट पाहिली की नळी थेट बर्फाच्या पाण्यात. तापलेल्या अवस्थेतला समतोल जागच्या जागी गोठतो. मग घासकाम, तेही पाण्याने नको, कारण मॅग्नेशियम लगेच काळवंडतं. अल्कोहोल वापरायचं. इतकं करून तो नाण्याएवढा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की करड्या रंगाच्या तीन छटा दिसतात, एकमेकींना चिकटलेल्या. प्रत्येक छटेवर इलेक्ट्रॉनांचा झोत रोखायचा आणि तिच्यात कोण किती आहे ते मोजायचं. तीन छटा, नकाशावर तीन टिंबं, म्हणजे त्या छोट्या त्रिकोणाचे तीन कोपरे.