लेकॉक गावातील पब आणि इन

लेकॉक हे इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील विल्टशर परगण्यातले, एव्हन नदीकाठी वसलेले छोटे गाव. ते चिपनम शहराच्या दक्षिणेला सुमारे ५ किलोमीटरवर आहे. बाथ शहराहून मोटारीने अर्ध्या-पाऊण तासात तिथे पोचता येते. हाय स्ट्रीट, वेस्ट स्ट्रीट, चर्च स्ट्रीट आणि ईस्ट स्ट्रीट या चार रस्त्यांच्या चौकोनात जवळजवळ सगळे जुने गाव मावते. दगडी भिंतींची, उघड्या लाकडी चौकटींची आणि लाल विटांची घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. घरांवर अँटेना दिसत नाहीत, रस्त्यावरून विजेच्या तारा जात नाहीत. या चौकोनातच गावाची जुनी पेयगृहे आणि खानपानाची ठिकाणे आहेत. वेस्ट स्ट्रीटवर जॉर्ज इन, हाय स्ट्रीटवर रेड लायन, तर चर्च स्ट्रीटवर कार्पेंटर्स आर्म्स आणि साइन ऑफ द एंजल. इंग्रजी खेड्यातील पबची परंपरा समजून घ्यायला याहून सोयीची जागा क्वचितच सापडेल, कारण पाच-सहा शतकांतले तिचे वेगवेगळे टप्पे इथे पाच मिनिटांच्या चालीत पाहता येतात.

इन, टॅव्हर्न आणि एलहाऊस

आज आपण सरसकट ‘पब’ म्हणतो, पण जुन्या इंग्लंडमध्ये त्याचे तीन निराळे प्रकार होते. इन म्हणजे प्रवाशाला जेवण, बिछाना आणि त्याच्या घोड्याला तबेला देणारी सराई. टॅव्हर्नमध्ये मुख्यतः वाइन मिळे. ती शहरांत असत आणि त्यांचे गिऱ्हाईक पैसेवाले असे. एलहाऊस म्हणजे एखाद्या घराची पुढची खोली. घरची बाई तिथे एल नावाची बिअर गाळायची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना विकायची. १५५२ च्या कायद्याने एलहाऊस चालवायला न्यायदंडाधिकाऱ्यांचा परवाना लागू लागला. १८३० च्या बिअरहाऊस कायद्याने उलटी दिशा धरली. ठरावीक शुल्क भरणाऱ्या कोणाही करदात्या घरमालकाला बिअर विकण्याची मुभा मिळाली आणि गावोगावी नवी बिअरगृहे उघडली. गोरगरिबांनी जिन ही कडक दारू सोडून बिअरकडे वळावे, असाही एक हेतू त्यामागे होता.

पाट्यांची प्रथाही जुनीच आहे. १३९३ मध्ये दुसऱ्या रिचर्ड राजाच्या काळात एल विकणाऱ्यांना दारावर खूण लावणे बंधनकारक झाले. वाचता न येणाऱ्या माणसालाही लांबून कळावे म्हणून सिंह, देवदूत, घंटा, सुताराची अवजारे अशी चित्रे आली. लेकॉकमधली नावे याच परंपरेतली.

गाव जुने का राहिले

लेकॉकच्या पबांचा इतिहास गावाच्या मालकीशी बांधलेला आहे आणि हा धागा सुटला तर बाकीचे वर्णन नुसते निसर्गचित्र होते. सॅलिसबरीची काउंटेस एला हिने १२३२ मध्ये इथे ऑगस्टिनियन जोगिणींचा मठ स्थापन केला आणि गाव मठाच्या जमिनीवर वाढले. मध्ययुगात लोकर आणि कापडाच्या व्यापाराने इथे पैसा आणला. हाय स्ट्रीट आजही रुंद आहे, कारण तिथे बाजार भरायचा. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले त्यात १५३९ मध्ये लेकॉकचा मठही गेला. विल्यम शॅरिंग्टनने तो विकत घेऊन राहता वाडा केला आणि पुढे ही मालमत्ता टॅलबट घराण्याकडे आली. याच घराण्यातल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटने ऑगस्ट १८३५ मध्ये वाड्याच्या एका खिडकीचे छायाचित्र घेतले. कॅमेऱ्याने टिपलेली आणि आजवर टिकलेली ती सर्वांत जुनी निगेटिव्ह मानली जाते.

लंडनहून बाथकडे जाणारी एक जुनी वाट सँडी लेनवरून, बोडन हिलचा उतार उतरून लेकॉकमधून जात असे. डोंगर उतरून दमलेले घोडे आणि धुळीने माखलेले प्रवासी हे इथल्या सरायांचे गिऱ्हाईक होते. पुढे मुख्य वाहतूक चिपनमच्या रस्त्याने वळली. १८४१ मध्ये लंडन ते ब्रिस्टल लोहमार्ग पूर्ण झाला तोही चिपनमवरूनच. कापडाचा धंदा आधीच ओसरला होता. नवी घरे बांधायला गावाकडे पैसा नव्हता आणि जुनी पाडायला जमीनदाराला कारण नव्हते. ज्या मागासलेपणाची त्या काळी गावाला झळ लागली असेल, त्याच मागासलेपणाने पंधराव्या ते अठराव्या शतकातली घरे जागच्या जागी ठेवली.

१९४४ मध्ये माटिल्डा टॅलबट यांनी वाडा आणि जवळजवळ सगळे गाव नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकले. १८९५ मध्ये स्थापन झालेली ही संस्था ऐतिहासिक वास्तू आणि निसर्गस्थळे सांभाळते. त्यामुळे इथली बहुतेक घरे भाड्याची आहेत आणि मालक एकच. पबच्या इमारतीही ट्रस्टच्याच. इंग्लंडमध्ये गेल्या काही दशकांत हजारो पब बंद पडले. कित्येक गावांत पबची इमारत विकून तिचे राहते घर करणे मालकाला फायद्याचे ठरले. लेकॉकमध्ये अशा विक्रीला फारशी जागाच उरत नाही.

जॉर्ज इन

गावातील सर्वांत प्रसिद्ध पब. त्याचा इतिहास १३६१ पर्यंत मागे नेला जातो आणि इंग्लंडमधल्या दीर्घकाळ सलग चाललेल्या पबांत त्याची गणना होते. अशा दाव्यांना इंग्लंडमध्ये तोटा नाही आणि ‘सर्वांत जुना पब’ हा किताब डझनभर ठिकाणे मिरवतात. जॉर्जचे मोल मात्र सनावळीवर अवलंबून नाही. ते आत शिरल्यावर कळते. छत बुटके, तुळया काळवंडलेल्या, फरशी दगडी आणि एका बाजूला माणूस उभा राहील एवढी मोठी चूल.

या चुलीपाशी लाकडाचे एक चाक आहे आणि संपूर्ण लेकॉकमध्ये थांबून पाहण्यासारखी ही सर्वांत महत्त्वाची वस्तू. हे कुत्र्याचे चाक. मांसाचा मोठा तुकडा विस्तवापुढे लोखंडी सळईवर लावून तासन्‌तास फिरवत ठेवावा लागे, नाही तर एक बाजू करपे आणि दुसरी कच्ची राही. आधी हे काम स्वयंपाकघरातली पोरे करत. मग चाकात कुत्रा घालण्याची पद्धत आली. तो चालू लागला की चाक फिरे आणि दोरीने किंवा साखळीने जोडलेली सळईही फिरे. त्यासाठी लांब अंगाची, आखूड पायांची खास जात पाळली जाई. इंग्लंडमधल्या कुत्र्यांवरच्या १५७६ च्या पुस्तकातही तिचा उल्लेख आहे. बऱ्याच ठिकाणी दोन कुत्रे ठेवून आळीपाळीने जुंपत. बाथ-ब्रिस्टलच्या परिसरात ही पद्धत विशेष रूढ होती. भाजणीची यांत्रिक साधने स्वस्त झाली तशी कुत्र्यांची गरज संपली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती जातच नाहीशी झाली. पेंढा भरून जतन केलेला तिचा एक नमुना वेल्समधील ॲबरगॅव्हनीच्या संग्रहालयात आहे. पुस्तकातल्या दहा पानांनी जे समजणार नाही ते जॉर्जमधले चाक समजावते. रविवारच्या भाजलेल्या मांसाच्या ताटामागे एका मुक्या प्राण्याचे केवढे कष्ट होते, हे ते पाहून उमगते.

रेड लायन आणि कार्पेंटर्स आर्म्स

रेड लायनचा दर्शनी भाग अठराव्या शतकातला, लाल विटांचा आणि प्रमाणबद्ध खिडक्यांचा. जॉर्जच्या तुलनेत तो उंच आणि ऐसपैस वाटतो. रस्त्यावरचा प्रवास वाढला तसे सरायांना भपका आला, त्या काळाची ही खूण. हाय स्ट्रीटवर ऐतिहासिक मालिकांचे आणि चित्रपटांचे चित्रीकरण वरचेवर होते. त्या वेळी रस्त्यावर माती पसरतात, आधुनिक पाट्या झाकतात आणि रेड लायन आयताच पार्श्वभूमीला मिळतो.

कार्पेंटर्स आर्म्स हा साध्या धाटणीचा पब. ज्या गावात दोन मोठ्या सराया प्रवाशांसाठी, तिथे कारागिरांना आणि मजुरांना बसायला वेगळी, कमी थाटाची जागा लागायची. नावातले सुतार तेच सांगतात.

साइन ऑफ द एंजल

हे पंधराव्या शतकातले, लाकडी चौकटीचे घर मुळात लोकरीच्या व्यापाऱ्याचे होते, असे मानले जाते. घोडा आत घेता येईल असा बोळ रस्त्यावरून थेट मागच्या आवारात जातो. आज ही मोजक्या खोल्यांची मुक्कामाची जागा आणि रेस्टॉरंट आहे, म्हणजे पबपेक्षा छोट्या हॉटेलच्या अधिक जवळची. जमीन कुठे उंच, कुठे सखल, दारे अशी की उंच माणसाने वाकूनच जावे. जेवण मेणबत्तीच्या उजेडात, विस्तवाशेजारी. इथे टेबल आधी राखून ठेवावे लागते. पबमध्ये चिखलाचे बूट घालून, कुत्रा बरोबर घेऊन सहज शिरणारा माणूस इथे थोडा सावरून बसतो. खेड्यातले पब आणि हॉटेलचे रेस्टॉरंट यांतला फरक चर्च स्ट्रीटच्या एका फेरीत असा कळून येतो.

बिअर आणि ब्रुअरी

जॉर्ज आणि रेड लायन हे दोन्ही डिव्हायझिस गावातल्या वॅडवर्थ ब्रुअरीशी, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारखान्याशी, जोडलेले आहेत. हेन्री वॅडवर्थने हा व्यवसाय १८७५ मध्ये घेतला आणि ‘६एक्स’ ही त्यांची सर्वांत ओळखीची बिअर. इमारत ट्रस्टची, भाडेपट्टा ब्रुअरीकडे आणि रोजचा कारभार पबचालकाकडे, अशी ही साखळी. ज्या पबला ठरावीक ब्रुअरीचीच बिअर विकावी लागते त्याला इंग्लंडमध्ये बांधील पब म्हणतात. या पद्धतीने चालकाला कमी भांडवलात धंदा मिळतो, पण मालाचा भाव दुसऱ्याच्या हातात राहतो. पबचालकांच्या तक्रारी पिढ्यान्‌पिढ्या याच मुद्द्यावर आहेत आणि त्या अगदी रास्त आहेत.

पिंपातली एल हा या पबांचा खरा मान. ती गाळून, वायू भरून बंद केलेली नसते. यीस्ट जिवंत असल्याने पिंपातच तिचे आंबणे पुरे होते. पिंप तळघरात ११ ते १३ अंश सेल्सियसवर ठेवतात आणि काउंटरवरचा उंच दांडा ओढून बिअर वर खेचतात. म्हणून ती बर्फासारखी थंड नसते आणि फेसही थोडा असतो. एकदा उघडलेले पिंप तीन-चार दिवसांत संपवावे लागते, त्यामुळे चालकाचे कसब चवीत लगेच उतरते. एका पाइंटमध्ये ५६८ मिलीलिटर बिअर येते. कारखानी बिअरमुळे ही परंपरा मरणपंथाला लागली होती, तेव्हा १९७१ मध्ये ग्राहकांनीच ‘कॅमरा’ ही चळवळ उभारून तिला वाचवले.

ताटात काय येते

रविवारी दुपारी भाजलेले गोमांस, कोकरू किंवा डुकराचे मांस, बटाटे, भाज्या, यॉर्कशर पुडिंग आणि वर दाट रस्सा. इतर दिवशी पाय (आत सारण भरून भाजलेला मैद्याचा पदार्थ), मासे आणि चिप्स, सॉसेज. विल्टशरची स्वतःची देणगी म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेले हॅम. जवळच्याच काल्न गावातल्या हॅरिस कुटुंबाने एकोणिसाव्या शतकात हा धंदा नावारूपाला आणला. चीज, पाव, लोणचे आणि कांदा यांचे ‘प्लाउमन्स लंच’ प्राचीन शेतकरी जेवण म्हणून समोर येते. पाव-चीज-कांदा हे जेवण खरोखर जुने आहे, पण या नावाने ते घरोघरी पोचले ते १९५० आणि १९६० च्या दशकांत, चीज खपवण्यासाठी झालेल्या जाहिरातींमुळे. शाकाहारी माणसाची आता उपासमार होत नाही. भाजीचे पाय, सूप किंवा बीनचे बर्गर बहुतेक ठिकाणी असते, मात्र रस्सा मांसाचा आहे का हे विचारून घ्यावे.

रीतिरिवाज

पबमध्ये वेटरची वाट पाहत बसायचे नसते. टेबलाचा क्रमांक पाहून काउंटरवर जायचे, तिथेच सांगायचे आणि बहुधा तिथेच पैसे द्यायचे. काउंटरवर रांग दिसत नाही, तरी कोण आधी आले हे सगळ्यांना ठाऊक असते आणि पाळी मोडणे असभ्य ठरते. सोबत आलेले मित्र आळीपाळीने सगळ्यांसाठी पेये आणतात. स्वतःची पाळी चुकवणारा माणूस लक्षात राहतो. बंद होण्याआधी घंटा वाजवून शेवटची मागणी विचारतात. १८ वर्षांखालच्यांना दारू विकत नाहीत, पण मुलांना जेवायला नेता येते. स्वयंपाकघर दुपारी आणि संध्याकाळी ठरावीक तासच चालू असते, त्यामुळे चार वाजता भूक लागलेल्या पाहुण्याला चहाच्या दुकानाकडे वळावे लागते. जुलै २००७ पासून आत धूम्रपानाला बंदी आहे.

आपल्या गावाकडच्या पारासारखे पबचे स्थान आहे. शेतीभातीच्या, मर्तिकाच्या, क्रिकेटच्या गोष्टी इथेच होतात आणि दारू न पिणाराही तासभर बसून उठतो. लेकॉकमध्ये उन्हाळ्याच्या दुपारी बाकावर बसलेले बहुतेक जण बाहेरगावचे असतात, हे खरे. तरी ट्रस्टच्या घरांत राहणारी कुटुंबे, शाळा आणि चर्च गावात नांदते आहे. पर्यटकांच्या बसगाड्या निघून गेल्यावर संध्याकाळी जॉर्जच्या चुलीपाशी शेजारीपाजारी जमतात. ज्याला गाव पाहायचे आहे त्याने दुपारी यावे, ज्याला पब पाहायचा आहे त्याने हिवाळ्यातली कामाच्या दिवसाची संध्याकाळ निवडावी.

गावाबाहेर

जुन्या चौकोनाच्या पूर्वेला, बोडन हिलकडे जाणाऱ्या रस्त्यावर आणखी दोन पब आहेत. द बेल हा विल्ट्स अँड बर्क्स कालव्याच्या जुन्या वाटेजवळ आहे. १८१० मध्ये पूर्ण झालेला हा कालवा १९१४ मध्ये अधिकृतपणे सोडून देण्यात आला. त्याच्याही वर, टेकडीच्या अंगाला द रायझिंग सन. तिथल्या बागेतून एव्हनचे सगळे खोरे नजरेत येते. चिपनमहून मेल्क्शमकडे जाणारी बस लेकॉकला थांबते. मोटारीने येणाऱ्यांनी गाडी गावाबाहेरच्या वाहनतळावर ठेवून चालत आत जायचे असते.